अक्काताई मगदूम, तिसरी भाषा कन्नड

त्या रविवारी आप्पांचं आणि आईचं काटकोन त्रिकोणावरून भांडण झालं. भांडण मोठं नव्हतं. आप्पांनी लोंढ्याला रेल्वेच्या तिकीटखिडकीवर आयुष्य काढलेलं, त्यामुळे समोरच्या माणसाशी किती आवाजात बोलायचं याचं त्यांचं एक माप ठरलेलं होतं. त्याच मापात ते आईला सांगत होते, की कर्णाचा वर्ग हा बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो, आणि आता आपण हे सिद्ध करू.

"कुनी न्हाय म्हंटलंय काय?" आईनं विचारलं.

"नाही कोण म्हणेल?"

"मग शिद्द कशाला करायचं? समदी मान्य करत्यात, आपुनबी करूया. फुडचं घ्या."

आप्पांनी खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात मराठी शिकवते. त्रिकोणाच्या भांडणात मी तटस्थ राष्ट्र असते. मी पुस्तकात डोकं घातलं. रात्री जेवताना आईच म्हणाली, "बरं, करा शिद्द," आणि आप्पांनी ताटात भाकरीचे चौकोनी तुकडे मांडून ते सिद्ध केलं. मग सिद्धता आमटीत बुडवून खाऊन टाकली. आई म्हणाली, असं असेल तर भूमिती सोपी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांच्या छातीत कळ आली, आणि रिक्षा दवाखान्याच्या दारात पोचायच्या आत आमचं घर दोन माणसांचं झालं. याहून जास्त मी त्याबद्दल लिहिणार नाही. तशी बोललेही नाही. भेटायला येणारे लोक त्यासाठी असतील नसतील ते सगळे शब्द वापरून जात. मी 'चहा घेणार का', एवढंच विचारत असे.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे लोंढ्याच्या गाडीला लागले, आणि घर झाडून झाल्यावर आई म्हणाली, "दहावीचा फारम भरायची शेवटची तारीक कवा हाय गं?"

आप्पा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी आईला विचारलं होतं, तुला काय पाहिजे ते सांग. त्यांच्या मनात काशी होती, फार तर पाटल्या. आई म्हणाली, दहावी. लग्नाआधी निपाणीच्या मराठी हायस्कुलातून ती एसएसएलसीला बसली होती आणि एकट्या कन्नडात नापास झाली होती. पुन्हा बसायच्या आत लग्न झालं. तेव्हापासून कुणीही ओळख करून घेतली, की ती आधी "आमचं शिक्षान न्हाय झालेलं" हे सांगून टाकायची, पाहुण्याला घरातली मोडकी खुर्ची आधीच दाखवून ठेवावी तसं.

"ह्यांनी काढलंय ते अर्ध्यात सोडायचं न्हाय," ती म्हणाली. "पास झालंच पायजे."

मी हो म्हटलं. एक अर्ज भरायचा आणि आईचा सहा विषयांचा अभ्यास घ्यायचा. दोनदा एम.ए. झालेल्या बाईला यात अवघड ते काय, असं मला वाटलं. असं वाटणं ही सुशिक्षितपणाची सर्वांत वरची पायरी असते. तिथून पुढच्या सगळ्या पायऱ्या खाली उतरतात.

बेळगावच्या कुठल्याही हायस्कुलातून अर्ज भरता आला असता. पण आईचा हट्ट, जिथं पडले तिथंच उठणार. म्हणून आम्ही निपाणीची बस धरली. तिच्या शाळेत रविराज नावाचे कारकून होते. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि नियम समजावले. बाहेरून बसणाऱ्याचं वय पंधरापेक्षा कमी नसावं. ही एक अट आईनं पहिल्या फटक्यात पूर्ण केली. मग सहा विषय: पहिली भाषा सव्वाशे मार्कांची, दुसरी आणि तिसरी शंभराची, गणित, विज्ञान, समाजविज्ञान. तीन भाषांत कुठंतरी कन्नड हवीच. आणि सहाही विषयांत स्वतंत्र पास व्हायला हवं. एका विषयातला जोर दुसऱ्याला उसना देता येत नाही.

"पण हिचे पाच विषय सुटलेत," मी म्हटलं. "फक्त कन्नड राहिलंय."

"मग रिपीटर. एकच पेपर," रविराज खूश होऊन म्हणाले आणि संगणकात साल शोधू लागले. शोधता शोधता त्यांचा चेहरा उतरला. संगणकातली सालं जिथं सुरू होत होती, त्याच्या बरीच आधी आई नापास झालेली होती. "मॅडम, हे लई जुनं झालं. ह्यांना फ्रेश म्हणून बसावं लागेल. सहाच्या सहा."

"म्हंजे भूगोलबी?" आईनं विचारलं.

"भूगोलपण मावशी."

"भूगोल मी पास झालेय. तवापास्नं हिमालय हललाय काय?"

"हिमालय हाय तिथंच हाय, मावशी. सिलॅबस हललंय."

यानंतर नावाची भानगड उपटली. शाळेच्या रजिस्टरात होती अक्काताई भावकू मगदूम. आधार कार्डावर होती प्रमोदिनी गोपाळ सडेकर. लग्नात नाव बदलायची आपल्याकडची रीत. आप्पांनी तांदळात अंगठीनं 'प्रमोदिनी' लिहिलं आणि अक्काताई त्या ताटातच राहिली. अक्काताई आणि प्रमोदिनीत एक अक्षर जुळत असेल तर शपथ. मार्क्स कार्डावर शाळेतलंच नाव येणार, त्याला इलाज नाही. पण या दोन बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र पाहिजे, आणि त्यावर साक्षीदार.

वकिलांचं टेबल कोर्टाच्या आवारात चिंचेखाली होतं. त्यांनी सांगितलं, साक्षीदार असा आणा जो दोघींनाही ओळखतो, आणि लेक नको. निपाणीजवळून आईचे थोरले भाऊ, ज्योतिबामामा, फेटा बांधून आले. त्यांनी एका दमात साक्ष दिली, "ही माझी भन अक्काताई. प्रमोदिनी कोन ते मला म्हाईत न्हाय."

"मामा, आईचंच नाव ते."

"तुज्या बापानं ठेवलं आसंल. आमी न्हाय कवा मारलं त्या नावानं हाक."

उलट बेळगावातल्या आमच्या अनगोळच्या गल्लीत सगळे प्रमोदिनीवहिनींना ओळखत होते आणि अक्काताई हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं. दोघींना ओळखणारं माणूस एकच होतं. वकिलांनी सहज विचारलं, "मिस्टर आले असते तर काम झालं असतं की. कुठं असतात?" मी म्हटलं, "त्यांना जमणार नाही." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला.

शेवटी तोडगा वकिलांनीच काढला. शेजारच्या माधवीकाकूंना बोलावणं गेलं. एका बाकावर आईला मधे बसवलं, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला काकू. "आता दोघंही एकदम बोट दाखवा," वकील म्हणाले. मामांनी "अक्काताई" म्हणून आणि काकूंनी "प्रमोदिनी" म्हणून एकाच वेळी आईच्या दोन्ही खांद्यांवर बोटं टेकवली. नोटरींनी शिक्का मारला. आई म्हणाली, "लग्नातबी येवढं न्याहाळलं न्हवतं मला कुनी."

माधवीकाकूंना बोलावणं ही माझी घोडचूक होती, कारण त्यामुळे बातमी गल्लीत पोचली. काकूंचा पहिला सल्ला आईला नव्हता, मला होता. "भैरवी, तुझ्या वयाच्या मुली पोरांची हॉलतिकिटं सांभाळतात. तू आईचं सांभाळतेस. असू दे, असू दे. ब्राह्मी दे तिला दुधातून." त्यांच्या मागोमाग परशरामअण्णा आले. अण्णा भाषेच्या प्रश्नावरच्या एकाही मोर्चात गैरहजर नसतात. पावसात मोर्चा असला तरी छत्री नेत नाहीत, कारण छत्रीमुळे फलक दिसत नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वैनी, एक सांगतो. तवा तुमी कन्नडात नापास झालासा, ते नापास होणं न्हवं. ते सीमालढ्यातलं योगदान हाय."

"मी अभ्यास केला न्हवता, अण्णा," आई म्हणाली.

"ते तुमास्नी तसं वाटतंय. आतनं तो निषेध होता."

"आतनं चिंचा खायचं डोक्यात होतं. शाळंमागं झाड होतं."

अण्णा हार मानणारे नव्हते. पहिली भाषा मराठीच, यावर त्यांचं आणि माझं एकमत झालं. अण्णांचा विचार अस्मितेचा होता, माझा अधिक व्यवहारी: सव्वाशे मार्कांचा पेपर, आणि घरात मराठीची प्राध्यापक. कन्नड तिसरी भाषा. अण्णा निघताना दारात थांबून म्हणाले, "कन्नडात पासापुरते घ्या, वैनी. लई घेऊ नगासा. वाईट दिसंल."

कामाची वाटणी अशी झाली: मराठी आणि इंग्रजी मी घेणार, गणित, विज्ञान आणि समाजविज्ञानासाठी मोबाइलवरचे धडे, आणि कन्नडसाठी वरच्या मजल्यावरच्या नीलव्वा. नीलव्वा बैलहोंगलकडच्या. मुलाची बदली झाली म्हणून त्याच्याबरोबर आलेल्या, नजर अधू झालेली, आणि कन्नडशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही असा पण. तो पण होता की नाइलाज, हे विचारण्याइतकं कन्नड मला येत नाही. आई दुपारी त्यांना कन्नड वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायची. नीलव्वा डोळे मिटून ऐकत आणि चूक झाली की "तप्पु, तप्पु!" म्हणून जमिनीवर काठी आपटत. खालच्या मजल्यावर माझ्या डोक्यावरच तो आवाज होई. सुरुवातीला काठी ताशा वाजवल्यासारखी वाजायची. हळूहळू ती दोन बातम्यांमधून एकदा, मग एखाद्याच मथळ्याला वाजू लागली.

एका दुपारी काठीचा आवाज आला नाही, वाचनाचाही नाही. मी चहा घेऊन वर गेले. दार अर्धं उघडं होतं. आई कन्नडमधून सांगत होती, लहान लहान वाक्यांत, कारण तिच्याकडे तेवढीच वाक्यं होती. "नम्मवरु होगिबिट्टरु." आमचे हे निघून गेले. सकाळ होती. रिक्षा होती. मी पाय चोळत होते. नीलव्वांनी तिचं एकही वाक्य सुधारलं नाही. मी चहा घेऊन परत खाली आले आणि दोन्ही कप स्वतः प्यायले.

माझ्या मराठीच्या शिकवणीविषयी मात्र मला अभिमान होता. आईच्या उत्तरांची लांबी बघून मी व्यथित झाले होते. 'कवितेचा आशय लिहा' असं विचारलं, की ती लिहायची: 'बाई माहेराला निघाली हाय आन तिला बरं वाटतंय.' संपलं.

"आई, उत्तराला प्रस्तावना हवी. मग विवेचन. मग समारोप."

"दोन मार्काच्या प्रश्नालाबी?"

"विचार दोन मार्कांचा नसतो, आई."

आईनं वही पुढे ओढली. तिच्या पुढच्या उत्तरात 'मानवी मनाच्या व्यामिश्र भावविश्वाचा' हे शब्द आले. मी धन्य झाले. माझे एम.ए.चे विद्यार्थी तरी याहून वेगळं काय लिहितात?

पूर्वतयारी परीक्षेला बसायची बाहेरच्यांवर सक्ती नव्हती. आई हौसेनं बसली. त्यानंतर शाळेतून मला फोन आला, की पालकांची सभा आहे, या.

मी गेले. बाकांवर निपाणी आणि आसपासच्या खेड्यांतले आईबाप बसले होते, कुणी शेतातून थेट आलेले, एकजण पायाजवळ खुरपं ठेवून. हेडमास्तर नागेंद्र सर मूळचे धारवाडकडचे. त्यांची मराठी शुद्ध होती, पण प्रत्येक शब्दाला इस्त्री केल्यासारखी. एकेका मुलाचं नाव घेऊन ते पालकाला उभं करत. "अक्काताई मगदूम, गणित, अकरा. पालक कोण?"

मी उभी राहिले. मी साहित्य संमेलनांत अध्यक्षांच्या शेजारी बसलेली बाई आहे.

"आपण काय करता?"

"प्राध्यापक आहे."

"प्राध्यापक!" सरांनी बाकीच्या पालकांकडे पाहिलं. "घरात शिक्षण असून ही परिस्थिती. घरी अभ्यासाचं वातावरण नाही काय? टीव्ही पाहते काय?"

"कन्नड मालिका बघते," मी कबूल केलं.

"कोण लावून देतं?"

खुरपंवाले गृहस्थ माझ्याकडे वळून दिलासा देत म्हणाले, "आमचंबी तसंच हाय, ताई. मोबाइल काढून घ्या, सुधारतंय." मग त्यांनी विचारलं, "थोरलं हाय का धाकटं?" मी म्हटलं, "थोरलं."

सभा संपल्यावर नागेंद्र सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मला ठाऊक आहे त्या आपल्या मातोश्री आहेत. पण वर्गात सर्वांना नियम एकच. नाहीतर मुलं म्हणतात, आजींना सूट." त्यांनी गणितासाठी शनिवारी एक तास द्यायचं कबूल केलं. आई बाहेर पटांगणात थांबली होती. येताना बसमध्ये ती म्हणाली, "लई बोलले व्हय गं तुला?" आणि तिनं मला खिडकीची जागा दिली. लहानपणी शाळेत बोलणी खाऊन आलं, की तिथंच बसवायची.

मार्चमध्ये पहिली परीक्षा आली. आता वर्षाला तीन परीक्षा असतात. एकीत पडलं तर दुसरी, दुसरीत पडलं तर तिसरी. पण आमच्या घरात हे बोलायला बंदी होती. माधवीकाकूंनी कुठून तरी खबर आणली, की हल्ली वर्गात कॅमेरे असतात आणि वरचे अधिकारी बसल्या जागी सगळं बघतात. आईनं ताबडतोब ठेवणीतलं इरकल काढलं. निपाणीत माझ्या मावशीच्या घरी मुक्काम ठोकला, आणि प्रत्येक पेपरला आधी कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार करून मगच लिहायला बसली. पर्यवेक्षकांनी तिला समजावलं, की बाई, तिकडं कुणी ओळखीचं नाही. आई म्हणाली, "वळख करून घेतल्याबिगर कशी हुईल?"

निकाल मोबाइलवर लागला. आमच्या बाहेरच्या खोलीत त्या वेळी माधवीकाकू, परशरामअण्णा, सुनेच्या आधारानं उतरलेल्या नीलव्वा, आणि आणखी कोण कोण होते. मी मोठ्यानं वाचू लागले. गणित, पास. काठावर, पण पास. विज्ञान, समाजविज्ञान, इंग्रजी, पास. कन्नड, शंभरपैकी एक्क्याऐंशी.

नीलव्वांनी काठी आपटली. परशरामअण्णांनी खुर्चीची दांडी घट्ट धरली. "एक्क्याऐंशी," ते क्षीण आवाजात म्हणाले. "म्या सांगितलं होतं, लई घेऊ नगासा."

मग मी मराठी वाचलं. मग पुन्हा वाचलं. चष्मा पुसला.

"काय गं?" आईनं विचारलं.

"नापास."

खोलीत जी शांतता पसरली तिचं वर्णन करण्याइतकी मराठी माझ्याकडे आहे, पण त्या दिवसापासून मला माझ्या मराठीची खात्री वाटेनाशी झाली आहे. पहिला आवाज अण्णांचा आला. "हे शक्यच न्हाय. मराठी बाई, मराठी घर, मराठीची प्रोफेसर, आन मराठीत नापास? हा कट हाय." काकूंनी मला पाणी दिलं, आईला नाही.

"पेपर अवघड होता का?" मी विचारलं.

"न्हाय की. लई सोपा होता. समदं येत होतं."

"मग?"

आई बोटांवर मोजू लागली. "पैल्या प्रश्नाला परस्तावना लिवली. मग विवेचन लिवलं. मग दुसऱ्याला परस्तावना लिवली. तिसऱ्याचा समारोप करत होते तवा घंटा झाली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नीलव्वांना सुनेनं कन्नडमधून सांगितलं, मग त्यांनीही पाहिलं. उरलंसुरलं माझं प्राध्यापकपद मी कसंबसं सावरून घेतलं आणि चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मी कॉलेजात पोचायच्या आधी कॉलेजात पोचली होती. प्राचार्यांनी बोलावून माझी विचारपूस केली, ज्या सुरात त्यांनी आधीच्या पावसाळ्यात, तेराव्यानंतर केली होती. एका विद्यार्थ्यानं तासाला विचारलं, "मॅडम, समारोप लिहायचा की नको?" मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे.

खरी गोष्ट अशी, की माझी मला लाज वाटत होती ती थोडी आणि भीती वाटत होती ती फार. आई आता 'पुरे झालं' म्हणेल, आणि आप्पांनी घरात सुरू केलेलं शेवटचं काम माझ्या प्रस्तावनांखाली चिरडून संपेल. त्या रात्री आईनं नेहमीसारखं दूध विरजलं आणि म्हणाली, "दुसऱ्या परीक्षेचे पैसे भर. आन आता तू मराठी शिकवायचं न्हाय."

मला काढून टाकण्यात आलं. नेमणूक झाली तेव्हा समारंभ नव्हता, बडतर्फीलाही नव्हता. माझ्या जागी आईनं स्वतःचीच नेमणूक केली. ती पाठीमागच्या पायरीवर बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची, शेजारी घड्याळ आणि निवडायला घेतलेली मेथी. मी आतून कान देऊन असायची. "कवीला काय म्हणायचं हाय? कवीला म्हणायचं हाय, की बाबा घाई करू नगंस. झालं. फुडं." एकदा मला राहवेना. मी दारातून म्हटलं, "आई, त्यात थोडी आर्तता..." आईनं मेथीची जुडी माझ्याकडे फेकली. "हे निवड."

मेच्या शेवटी दुसरी परीक्षा झाली. एकच पेपर, तरी इरकल तेच. बाहेर आली तेव्हा शिपाई मागून धावत आला. आई दारातल्या कॅमेऱ्याचा निरोप घ्यायची विसरली आहे असं मला वाटलं, पण तिची चप्पल राहिली होती.

"लिवलं समदं," ती म्हणाली. "येळ उरली. मग देवाचं नाव घेत बसले."

पास झाली. मराठीतसुद्धा, आणि चांगल्या मार्कांनी. माझ्या शिकवणीशिवाय ती किती पुढे जाऊ शकते याचा आकडा मी इथं देत नाही, तेवढा अहंकार मला ठेवू द्या. अण्णांनी गल्लीभर कुंदा वाटला. वाटताना ते फक्त मराठीचे मार्क सांगत होते. नीलव्वांच्या दारात मात्र त्यांनी कन्नडचेही सांगितले, आणि कन्नडमधून सांगितले. अण्णांना इतकं चांगलं कन्नड येतं हे गल्लीला तेव्हा कळलं.

शाळेनं पास झालेल्यांचा सत्कार ठेवला होता. पटांगणात मंडप, सतरंज्यांवर मुलं, मागं पालक. ज्योतिबामामा पहिल्या रांगेत फेटा बांधून. रविराजांनी नाव पुकारलं, "अक्काताई भावकू मगदूम," आणि मामांनी इतक्या जोरात "हाय!" केलं, की मुलं हसली. आई मंचावर गेली. गुलाब घेतला, नारळ घेतला, नागेंद्र सरांनी माईक पुढे केला तर तोही हातात घेतला.

"माझं नाव अक्काताई," ती म्हणाली. "माझं शिक्षान दहावी पास."

एवढंच बोलून ती खाली उतरली आणि मुलींच्या रांगेत जाऊन मांडी घालून बसली. टाळ्या थांबेनात. शेजारची मुलगी तिचा गुलाब हुंगून बघत होती.

"आता पालकांनी दोन शब्द बोलावेत," नागेंद्र सर म्हणाले. "अक्काताईंचे पालक."

मी वर गेले. मला भाषणाची भीती नाही. आजन्म शिक्षण, स्त्री आणि ज्ञानाची परंपरा, अशी प्रस्तावना मी बसमध्येच तयार केली होती. माईकपुढे उभी राहिले, मंडपाकडे पाहिलं, आणि पहिलं वाक्य सापडेना. दुसरंही सापडेना. सगळे पालक माझ्याकडे बघत होते, आणि एक पालक तिथं असायला हवे होते, ज्यांचं हे सगळं होतं.

"माझे आप्पा," मी म्हटलं, "माझे आप्पा गेले."

माईक करकरला. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मुलींच्या रांगेतून आईचा आवाज आला, खणखणीत, मला पाचवीच्या वक्तृत्वस्पर्धेत ओरडली होती तसा.

"मोठ्यानं बोल गं! मागं ऐकू जाईना!"

मग मी मोठ्यानं बोलले.

"आप्पा गेले! मला त्यांची लई आठवण येतीया! आन आमची आई पास झाली!"